लेकीकडचा नेम

बोट कापलं यात नवल काहीच नव्हतं. बंगळूरच्या पीण्या भागातल्या त्या कारखान्यात नऊ वर्षं पितळी बुश, यंत्रात बसणाऱ्या कड्या, तपासता तपासता चंदनाची बोटं किती वेळा कापली असतील, याचा हिशेब तिनं कधी ठेवला नव्हता. लेथवरून उतरलेल्या नगाच्या कडेला पापुद्र्यासारखी धार राहते. ती घासून काढायचं काम आधीच्या टेबलावरचं. आधीच्या टेबलावर यल्लव्वा बसायची, आणि यल्लव्वा लेकीच्या स्थळांबद्दल बोलू लागली की धार तशीच पुढे यायची. त्या मंगळवारी दहाच्या सुमारास ती चंदनाच्या उजव्या तर्जनीत गेली. तिनं सवयीनं बोट तोंडात घातलं, मग रुमालात गुंडाळलं आणि पुढचा नग उचलला. साडेअकराला रुमाल सोडून पाहिला तर रक्त येतच होतं. भळभळा नाही, अगदी सावकाश. जणू त्याला कुठे जायची घाई नव्हती. यल्लव्वानं हळद आणली, सुपरवायझरनं मंगळवारी येणाऱ्या कंपनीच्या डॉक्टरकडे पिटाळलं, आणि त्या जयतीर्थ डॉक्टरांनी पट्टी आवळून बांधत विचारलं, "कितवा महिना अम्मा?" सहा संपले, ती म्हणाली. "मग होतं असं स्वल्प," ते म्हणाले, आणि पेनाला टोपण लावता लावता, निव्वळ काहीतरी विचारायचं म्हणून विचारावं तसं त्यांनी विचारलं, "माहेरी पुरुषांत कुणाचं रक्त थांबत नाही, असं काही? भाऊ, मामा?" भाऊ मला नाहीच, ती म्हणाली; मामा होते, पण त्यांचे गुडघे धरलेले असायचे, संधिवात. "म्हातारपणी?" नाही, लहानपणापासून. डॉक्टरांनी टोपण पुन्हा काढलं. मोठ्या हॉस्पिटलात एकदा दाखवून घ्या, सुम्ने, उगीच आपलं, मनाच्या शांतीसाठी, असं म्हणत त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. मनाच्या शांतीसाठी म्हणून लोक जे जे करायला सांगतात, त्यानं कुणाच्या मनाला शांती मिळाल्याचं अजून ऐकिवात नाही.

संध्याकाळच्या बीटीएसच्या बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. यशवंतपूरपर्यंत तिच्या डोक्यात काही नव्हतं, निदान तिला तसं वाटत होतं. सासूबाईंनी, म्हणजे प्रेमाताईंनी, परवाच सोनाराकडे बाळासाठी कानातल्या तारा टाकल्या होत्या, ते फक्त आठवत होतं. प्रेमाताई पुण्याच्या. सासरे सरकारी कारखान्यात इंजिनियर म्हणून इकडे आले आणि इथलेच झाले, तरी तीस वर्षं बंगळूरात काढून प्रेमाताईंना कन्नडमधले भाव विचारण्यापुरते आकडे येत होते. बारशालाच कान टोचून घेऊ, त्या म्हणाल्या होत्या, बाराव्या दिवशी पाळी मऊ असते, पोराला कळतसुद्धा नाही. तेव्हा चंदना हसून म्हणाली होती, आमच्याकडे लेकींच्या मुलग्यांचे कान टोचत नाहीत हं, नेम आहे. प्रेमाताईंनी कपाळाला आठ्या घातल्या. मुलगा आमच्या घरचा, नेम तुमच्या घरचा, हे कुठलं शास्त्र? आणि त्यावर दोघी हसल्या होत्या. बसमध्ये ते हसणं आठवलं आणि चंदना सरळ होऊन बसली. खरंच, हे कुठलं शास्त्र? नेम घराण्याचा असतो, घराण्यातल्या मुलांना लागतो. हा नेम मुलांना लागत नव्हता. लेक लग्न होऊन निघाली की तिच्याबरोबर निघायचा, परक्या घरात तिच्या मुलग्यांना लागायचा, आणि तिच्या लेकींबरोबर पुढच्या घरी जायचा. थोरल्या मामाच्या मुलांच्या कानांत लाल खडे होते आणि मावशीच्या मुलांचे कान कोरे, ही गोष्ट ती चार वर्षांची असल्यापासून पाहत होती. कारखान्यात एखादा दोष असा ठरावीक नगांतच येऊ लागला की ती नग बघत बसत नसे, तो कुठल्या यंत्रावरून आला ते विचारी. मग इथे सत्ताविसाव्या वर्षापर्यंत ती नुसते नग बघत बसली होती.

मैलाराची, म्हणजे घरच्या देवाची, आण, असं घरात म्हणत. कुणा पणजीच्या पणजीचा मुलगा कान टोचल्यावर तीन दिवसांत गेला. देवानं स्वप्नात येऊन सांगितलं, तुझ्या लेकींच्या मुलांना सुई लावू नका. कान नाहीत, गोंदण नाही, जावळ काढायचं तर कात्रीनं, वस्तरा नाही. कॉटनपेटच्या आजोळच्या घरात यशोमामांची दाढीसुद्धा न्हावी कात्रीनंच करायचा, आणि ते यशोवर्धन हे भारदस्त नाव अंगावर घेऊन पडवीत पाय लांब करून बसलेले असायचे. गुडघ्यावर ओल्या फडक्यात गुंडाळलेला बर्फ. मार्केटमधून भुशात घालून आणलेला. त्या भुशाचा वास, वितळून ओट्यावरून ओघळणारं पाणी, आणि चिंचोके टाकून चौकाबारा खेळताना मामांचं मुद्दाम हरणं. मांडीवर बसायला गेलं की ते आधी उशी घ्यायचे, मग म्हणायचे, या राणीसाहेब. पोरीला वाटायचं की उशी तिच्या मानासाठी आहे. त्यांच्या अंगावर कुठे ना कुठे जांभळं असायचंच, पिकल्या जांभळाइतकं जांभळं, कडेला पिवळट. दाराला लागलं, ते सांगायचे. मोठी माणसं आणि त्यांची दारं यांचं वैर असतं असा चंदनाचा बरेच दिवस समज होता. ती आठ वर्षांची असताना मामांनी दात काढून घेतला. दुखणं असह्य झालं होतं म्हणून दवाखान्यात गेले, तिथे हिरडीत सुई मारली. चार दिवस पितळी तांब्यात थुंकत होते. मग पडवी रिकामी आणि तांब्या धुऊन पालथा घातलेला तिनं पाहिला. सगळे म्हणाले, आण मोडली, सुई घातली ना, देवाला चाललं नाही.

हॉस्पिटलमधल्या डॉक्टर प्रतिमा तरुण होत्या, आणि वाईट बातमी सांगणाऱ्या माणसानं असावं तशाच नीटनेटक्या. नवऱ्यानं, अमितनं, अर्धा दिवस रजा टाकली होती; बोम्मसंद्र्याच्या कारखान्यातून तो परस्पर तिकडे आला. चंदना बोलत गेली आणि डॉक्टर कागदावर गोल आणि चौकोन काढत गेल्या. गोल म्हणजे बाई, चौकोन म्हणजे पुरुष. यशोमामांचा चौकोन त्यांनी पेन्सिलीनं काळा केला. दुसरे सगळे कोरे. आजीच्या गोलात मात्र त्यांनी एक ठिपका दिला. बोटाचं मनावर घेऊ नका, त्या म्हणाल्या, बोटाला काही अर्थ नाही, पण मामांचं सांगितलंत त्याला अर्थ आहे. रक्त गोठवणारा एक घटक काही घराण्यांतल्या पुरुषांत जन्मतःच नसतो. बायकांना त्रास होत नाही, त्या तो दोष फक्त पुढे नेतात. "मामांचा काही रिपोर्ट आहे का? एखादी रक्ततपासणी?" नाही, चंदना म्हणाली. एकही? "सुई लावायची नाही असा नेम होता." डॉक्टरांनी पेन्सिल खाली ठेवली. त्या हसल्या नाहीत, याबद्दल चंदनाला त्यांचे पाय धरावेसे वाटले. ज्या नेमानं इतक्या पोरांना वस्तऱ्यापासून, सुईपासून वाचवलं, त्याच नेमानं त्या दुखण्याला कधी नाव मिळू दिलं नव्हतं. कुणीतरी, अक्षरओळख नसलेल्या कुठल्यातरी बाईनं, मेलेली पोरं आठवून आठवून हे बरोब्बर ताडलं होतं, की हे लेकींकडून येतं. मग तिनं ते देवाच्या नावावर टाकलं, कारण बाईच्या नावावर टाकलं असतं तर कुणी पाळलं नसतं. आणि एकदा देवाच्या नावावर गेल्यावर पुन्हा कुणी विचारलं नाही.

आता काय करता येईल, हे अमितनं इंग्रजीत विचारलं. घाबरला की तो इंग्रजीत जाई. डॉक्टरांनी शांतपणे एकेक दार लावून घेतलं. चंदनाच्या रक्तातून सांगायचं तर गरोदरपणात आकडे फसवे येतात. खात्रीची तपासणी करायला मामांसारख्या कुणाचं तरी रक्त लागतं, आणि मामा नाहीत. मुलगा की मुलगी हे सांगायला या वर्षापासून कायद्यानं बंदी; अशा आजारासाठी सवलत आहे, पण तिला कागद लागतात. आणि कागद असते तरी सातवा लागलाय, कळून करणार काय, वेळ केव्हाच गेली. "मी लिहून देते, बाळंतपणात बाळाला ओढायला चिमटा लावायचा नाही. मुलगा झाला तर नाळेचं रक्त आधी तपासायचं, तोवर सुई नाही." सुई नाही. चंदनाला वाटलं, मैलाराची आणि या बाईंची कुठेतरी गाठ पडली असावी. मग डॉक्टरांनी आईत दोष असेल की नाही, चंदनात आला असेल की नाही, मुलगा होईल की नाही, त्याच्यात उतरेल की नाही, अशा अर्ध्याचं अर्धं, त्याचं अर्धं, त्याचं अर्धं असं कागदावर मांडून दाखवलं. "मामांशिवाय कुणी? एखादा लहानपणी गेलेला मुलगा?" नाही. "मग सोळात एक." चंदनाच्या टेबलावर सोळात एक नग खराब निघाला तर ती सगळा गठ्ठा परत पाठवायची, फॉर्म भरायची, सही करायची, आणि ट्रॉली उलटी फिरायची. इथे ट्रॉली तिच्या आत होती.

अमितला मात्र तो आकडा फार आवडला. "म्हणजे नाइंटी-फोर परसेंट ओके," गाडीला किक मारताना तो म्हणाला. "आमच्याकडे नाइंटी आले तर मॅनेजर पेढे वाटतो." त्याच्या पाठीला कान लावून बसलेल्या चंदनाला त्याचं काळीज ऐकू येत होतं, ते नव्वदवालं वाटत नव्हतं. बिचारा वाईट नव्हता. पुढचे आठ दिवस त्यानं तिला जिना चढू दिला नाही, जणू काही दुखणं जिन्यानंच येणार होतं. आईला सांगू नकोस, एवढंच तो म्हणाला. प्रेमाताई रोज खोबरं खिसताना नातवाची उंची ठरवत होत्या: अमितसारखा उंच होणार, नाक माझ्या भावाचं, खाण तशी माती! चंदना हो हो म्हणायची आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडायची. रडून झालं की तोंड धुवायची आणि पोटावर हात ठेवून उभी राहायची. आत तो, किंवा ती, लाथ मारी. इतकी ठणठणीत लाथ! एवढ्या जोरानं आत कुठे आपटत तर नसेल, आतल्या आत जांभळं पडत तर नसेल, असं मनात येई, आणि आपल्या मूर्खपणाची लाज वाटूनही ती भीती जात नसे. रस्त्यानं चालताना तिला आता फक्त मुलगे दिसत. सायकलवरून पडणारे, कुंपणावरून उड्या मारणारे, गुडघे फुटलेले, आणि फुटलेल्या गुडघ्यांनिशी पुन्हा धावणारे. एका पोराच्या कोपरावर खपली धरलेली तिनं पाहिली आणि ती बघतच राहिली. एवढी साधी खपली. पोराच्या आईनं, काय हवंय, अशा नजरेनं पाहिलं तेव्हा ती पुढे गेली. आपण काही केलेलं नाही, काही खाल्लेलं नाही, कुणाचं वाईट चिंतलेलं नाही, हे ती मनात घोकत असे. आणि मग वाटे, काही केलं असतं तर बरं झालं असतं, निदान ते न करता तरी राहता आलं असतं.

शनिवारी दुपारी ती कॉटनपेटला आईकडे गेली. विचारायचं फक्त एवढंच होतं, की दात काढायला मामा कुठल्या दवाखान्यात गेले. एखादा जुना कागद तिथे सापडला तर. तिची आई जमनाबाई मागच्या दारी उन्हात भिजवलेले अवरे, पावट्याचे दाणे, घेऊन बसली होती. डिसेंबरात त्या घरात दुसरं काही शिजत नसे. बोटांत धरून चिमटलं की साल एकीकडे आणि दाणा एकीकडे उडतो. टोपलीभर चिमटायला दुपार जाते, आणि जमनाबाईंना दुपार घालवण्यासाठी असं काहीतरी लागे. चंदनाचे वडील हणमंतराव गेल्यापासून जास्तच. चंदना भिंतीला टेकून पाय पसरून बसली, चार दाणे चिमटले आणि हळूहळू सगळं सांगितलं: बोट, गोल, चौकोन, काळा केलेला मामा. जमनाबाई ऐकत होत्या की नाही कळत नव्हतं. हात थांबले नाहीत. "म्हणून अम्मा, सोळात एक. तेवढं काही नाही," चंदना म्हणाली, आणि आपण अमितच्या आवाजात बोलतोय हे तिच्या ध्यानात आलं.

"दादाला धरून ते सोळा?" जमनाबाईंनी विचारलं. त्या यशोमामांना दादा म्हणत.

"हो. मामाच फक्त. आणखी कोण आहे?"

जमनाबाईंनी एक दाणा चिमटला, दुसरा चिमटला. "तो पण धरायचा असतो काय ग?"

"कोण तो?"

"खंडोजी," त्या म्हणाल्या. "तुझा थोरला."

चंदनाला आधी वाटलं, अम्मा कुणा नातेवाइकाबद्दल बोलतेय. मग शब्दांचा अर्थ लागला: थोरला भाऊ. बाहेर कुणी स्टीलच्या भांड्यांवर जुने कपडे मागत गल्लीतून जात होतं. "अकरा महिन्यांचा होता," जमनाबाई म्हणाल्या. "धरून धरून उभा राहायचा. चपळ होता भारी. उंबऱ्यावर पडला, एवढंसं टेंगूळ. रडला पण नाही स्वल्प. तिसऱ्या दिवशी झोपला तो उठलाच नाही. मी नेम पाळला होता ग चंदी. कान टोचले नव्हते, जावळ कात्रीनंच केलं होतं. तुझ्या आजीला विचारलं, मग असं का? तर म्हणाली, दृष्ट. सरी, बरं म्हटलं. दृष्ट तर दृष्ट."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"काय सांगायचं? सांगून तो उभा राहणार होता?" त्यांचा आवाज चिडका झाला आणि लगेच विझला. "तू पोटात होतीस तेव्हा नऊ महिने मी एकच मागितलं, मैलारा, मुलगी दे. बाकी बाया मुलगा मागतात, मी मुलगी मागितली. कुणाला सांगितलं नाही, सासूनं मारलं असतं. आणि तू झालीस, तशी मी रडायला लागले. थांबेचना रडू. सगळ्यांना वाटलं, मुलगी झाली म्हणून रडतेय. तुझे अप्पा बिचारे जिलबी घेऊन आले, म्हणाले, असू दे ग, मुलगी पण लक्ष्मी असते. मी कुणाला काय सांगू? सुटले म्हणून रडत होते. मनात म्हटलं, संपलं. आता या घरात कुणी पडणार नाही, कुणी मरणार नाही. मग दुसरं होऊच दिलं नाही मी."

असं म्हणून त्यांनी लेकीकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात इतकं निर्भेळ सुख होतं, सत्तावीस वर्षं जपून ठेवलेलं, की चंदनाला बघवेना. तिच्या डोक्यातलं गणित मात्र थांबत नव्हतं. नऊ वर्षांची सवय. खंडोजीचा चौकोन काळा केला, अम्माच्या गोलात ठिपका आला, पहिलं अर्धं गळून पडलं. सोळाचे आठ झाले. आठात एक. एवढ्या दोन वाक्यांत. आणि त्याच्याही पलीकडे तिला ते दिसत होतं, जे या बाईला सांगायला तिची जीभ कधीच रेटणार नव्हती: अम्मा, तू सुटली नाहीस. जे उंबऱ्यावर पडलं, ते तिथेच संपलं. जे तू मागून घेतलंस, न्हाऊमाखू घातलंस, वेणी घालून शाळेत पाठवलंस, पुण्याच्या घरात दिलंस, कदाचित तेच ते पुढे घेऊन आलंय. तुझ्या आईनंही मुलगी झाल्यावर असाच सुस्कारा सोडला असेल. तिच्याही आईनं.

"कशाला रडतेस?" जमनाबाई म्हणाल्या. ओले हात पदराला पुसून त्या सरकत सरकत जवळ आल्या आणि त्यांनी चंदनाच्या पोटावर तळवा ठेवला. तळव्याला अवऱ्यांचा हिरवट वास होता. "हे बघ, गोल आहे पोट. मुलगा असला की पुढे टोक येतं. तुझ्या वेळी माझं अस्संच होतं. मुलगीच आहे ही. तू पण माग. मनापासून मागितलं की देतो तो, मला दिली की नाही? मिट डोळे."

सांगायला पाहिजे होतं. सांगून काही होणार नव्हतं, हेही खरं होतं. चंदनानं आईच्या हातावर हात ठेवला. आत लाथ बसली, दोघींनाही एकदमच कळली, आणि जमनाबाई हसल्या. चंदनाला तेव्हा ती दिसली: वीस-पंचवीस वर्षांनंतरची कुणी मुलगी, तिच्याच नाकाची, कुठल्याशा परक्या घरात पोटावर हात ठेवून, मुलगा की मुलगी म्हणून घाबरून बसलेली. तिचं नाव अजून ठेवायचं होतं. अम्मानं मागितली तेव्हा अम्माला ठाऊक नव्हतं, आजीला ठाऊक नव्हतं, आपण कुणाच्या पदरात काय टाकतोय ते. चंदनाला ठाऊक होतं.

तिनं डोळे मिटले आणि मुलगीच मागितली.